पाणथरी आणि दादांचा चौविहार

हिवतापानंतर डाव्या बरगडीखाली काही घट्ट लागू लागले, की आमच्या लहानपणी त्र्यंबकेश्वरातील जुनी माणसे 'पाणथरी वाढली' म्हणत. प्लीहेचे हे घरगुती नाव मी विसरलो होतो. चार वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंच्या सोनोग्राफीच्या अहवालाने ते आठवले. प्लीहा साधारणतः १२ सेंटीमीटरपर्यंत असते. दादांची १७ भरली. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या ७२ हजार होत्या.

त्याआधी सहा महिने दादा कुणीतरी सुचविलेल्या सिलिमरीनच्या गोळ्या घेत होते. जोडीला शरपुंखाचा काढा. निघंटूंत तिला 'प्लीहाशत्रू' असेच नाव आहे. घरात मद्याचा थेंब कधी आला नाही, तेव्हा यकृताचा मोठा आजार आपल्याकडे कसा येईल, अशी आमची समजूत. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेल्या मलाही शंका आली नाही, याची खंत वाटते.

नाशिकच्या पोटविकारतज्ज्ञांनी उलगडा केला. आतड्यांचे व प्लीहेचे रक्त एकाच मोठ्या शिरेतून यकृतात जाते. यकृत निबर झाले की ते मागे तुंबते, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. दादांचे यकृत मद्याने नव्हे, तर पंधरा वर्षांच्या मधुमेहाने आणि साठलेल्या चरबीने निबर झाले होते. फुगलेली प्लीहा सिलिमरीनने आकसते, असा भरवसा कुणी देऊ शकत नाही. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्तनलिकांच्या काही ठरावीक रोगांत खरोखर उपयोगी पडते, पण ते सरसकट यकृताचे टॉनिक नव्हे. हिपॅटायटिस सी निघाला असता, तर विषाणूविरोधी गोळ्यांनी तो बहुधा १२ आठवड्यांत बरा झाला असता; २०१८पासून त्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. दादांच्या बी आणि सी दोन्ही तपासण्या निरंक आल्या.

काढा बंद झाला. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या दिसल्या. त्या फुटून रक्ताची उलटी होण्याआधीच त्यांवर बँड बसविले. साखर आणि वजन उतरविणे हाच मुख्य उपचार ठरला.

हे सर्व दादांनी निमूट स्वीकारले. अडले ते पुढच्या सूचनेवर: रात्री निजण्यापूर्वी काही खा, कारण अशा यकृताला रात्रभराचा उपवास सोसत नाही, शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते. चाळीस वर्षांचा चौविहार! "गोळ्या दुप्पट द्या, पण हे नको," दादा म्हणाले. दोन आठवडे घरात अबोला होता.

अखेर वहिनी त्यांना उपाश्रयात घेऊन गेल्या. साध्वीजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. पच्चक्खाणातच आगार सांगितलेले असतात आणि त्यांत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचाही आगार आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. "हे औषध समजूनच घ्या, चवीसाठी नको," एवढेच त्या म्हणाल्या.

आता दुकान वाढवून आल्यावर दादा नवकार म्हणतात आणि वाटीभर दूध व मूठभर फुटाणे घेतात. यंदा पर्युषणात अठ्ठाई केली नाही. परवाच्या सोनोग्राफीत प्लीहा १६ सेंटीमीटर आली.