तत्त्वज्ञान शिकायचं, तेही मुरबाडला राहून

मोठ्या भाईंच्या मुलीला बारावीनंतर तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचं होतं. घराजवळच्या कॉलेजात तो विषय मिळेना. बाहेर शोधायचं तर मुरबाडहून कल्याणपर्यंत एसटी, पुढे लोकल. भाईंचं म्हणणं सरळ होतं, "इतिहास घे, बी.एड. कर, शाळेत लागशील. हे शिकून करणार काय?" अम्मीची काळजी वेगळी. फलसफा शिकणारी माणसं दीनपासून लांब जातात, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. पुतणीने मला एवढंच सांगितलं, "चाचा, तीन वर्षांचा आराखडा करून द्या. कॉलेजात नसेल तर घरी शिकते. पण अब्बांना पटेल असा करा."

नोकरीचं आधी उरकतो. या विषयाच्या जागा थोड्या आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण अगदीच नाहीत असंही नाही. तर्कशास्त्र हा आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेतला विषय आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. आणि इग्नूच्या तत्त्वज्ञानातल्या एम.ए.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणून बी.ए. इथेच, इतिहास घेऊन. बी.एड.ची वाट उघडी राहते, तीन वर्षं घरी तयारी होते, मग दूरशिक्षणाने एम.ए. रोजचा प्रवास टळला म्हटल्यावर भाई जरा सैल झाले.

अम्मीचा प्रश्न मात्र असा उरकण्यासारखा नव्हता. तो जुना आहे आणि मोठमोठ्यांना पडलेला आहे. इमाम गझालींनी 'तहाफुत अल्-फलासिफा' लिहून फलसफ्याच्या वीस मुद्द्यांवर हल्ला चढवला, त्यातल्या तिनांवर तर कुफ्रचा ठपका ठेवला. एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. त्याच गझालींनी मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, टाकून दिलं नाही. उसूल-ए-फिक्हवरच्या आपल्या 'मुस्तस्फा' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते घातलं. पुढे कुर्तुब्याचे इब्न रुश्द (११२६–११९८). पेशाने काझी. त्यांनी 'फस्ल अल्-मकाल'मध्ये सवालच फिक्हच्या भाषेत घातला: फलसफा शिकणं शरियतच्या नजरेत जायज, हराम की लाजिम? आणि ज्याची कुवत आहे त्याला ते लाजिम आहे, असा निकाल दिला. उतारवयात त्यांना हद्दपारी सोसावी लागली, पुस्तकंही जाळली गेली. हेही मी अम्मीला सांगितलं. अर्धी गोष्ट सांगून तिला गप्प करायचं नव्हतं. आपल्याकडच्या दर्स-ए-निजामीतही मंतिक आणि फलसफा शिकवत आलेत, हे ऐकून तिला नवल वाटलं. "मग मौलवीसाब कधी बोलले नाहीत ते?" म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आराखड्याचं पहिलं वर्ष म्हणूनच तर्कशास्त्राचं. बहुतेक जण इतिहासापासून सुरू करतात: थेल्स, सॉक्रेटिस, प्लेटो, नावांची माळ. माझ्या मते त्याने मुलं पाठांतराला लागतात. त्यापेक्षा न्यायदर्शनाचं नेहमीचं उदाहरण घ्यावं. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या. मुरबाडच्या मुलीला हे पुस्तकात शोधावं लागत नाही. उन्हाळ्यात शेताशेतांत राब भाजतात, तेव्हा धूर दिसला की खाली आग असतेच. पण पावसाळ्यात माळशेजला ढग उतरले की लांबून तेही धुरासारखेच दिसतात. मग हेतूच फसवा निघाला तर अनुमानाचं काय? पहिला महिना आम्ही एवढ्यावरच काढला. अ‍ॅरिस्टॉटलचं मंतिक त्यानंतर.

दुसरं वर्ष पाश्चात्त्य विचाराचं. तिथे एक खड्डा आहे. पुष्कळशी पाठ्यपुस्तकं ग्रीकांवरून थोडं मध्ययुग ओलांडून थेट देकार्तवर येतात. मध्ये फाराबी, इब्न सिना, इब्न रुश्द हे जणू निरोप पोचवणारे टपालवाले. आमच्या आराखड्यात त्यांना तीन महिने दिलेत. मुसलमान मुलगी शिकतेय म्हणून नव्हे. आत्म्याबद्दल इब्न सिना काय म्हणतो ते वाचल्यावर देकार्त जास्त कळतो, म्हणून.

तिसरं वर्ष भारतीय दर्शनांचं. चार्वाक, बौद्ध, जैन, न्याय, सांख्य, वेदान्त; आणि जोडीला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम', कारण एक मुसलमान हा विचार मराठी ओवीत मांडतो ते तिने पाहायला हवं. भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत १९७४ सालीच आलाय. शब्द अडला की तो उघडायचा.

"तालुक्याच्या गावात कोण शिकतं फिलॉसॉफी?" असं एका नातेवाइकाने हसत विचारलं. त्यांना अमळनेर सांगितलं. खानदेशातलं तालुक्याचं गाव. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. के. सी. भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ बंगालहून तिथे येऊन राहिले, 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक तिथून निघायचं. शाळामास्तर होण्याआधी साने गुरुजी तिथेच तत्त्वज्ञान शिकत होते. भर सगळा अद्वैतावर होता, हे मला खटकतं. आणि शेठजींची गिरणी पाठीशी होती, आमच्यामागे कोणी नाही. पण गाव लहान होतं म्हणून काही अडलं नाही.

भाईंनी इतिहासाचा फॉर्म भरला. आमचा वर्ग रविवारी जोहरनंतर दोन तास. आता पुतणीची एक मैत्रीणही येते. तिच्या घरी बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला ती तयार नाही. आराखड्यात बौद्ध विचार एवढ्या मागे का टाकला, हे तिने मला दुसऱ्याच रविवारी विचारलं. प्रतिज्ञा आणि हेतू मांडून विचारलं. बौद्ध भाग आता पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर घेतोय.