इंधन हिरवे झाले, हिशोब कधी होणार?

२० मार्चला आम्ही दरवर्षी पोलादपूरहून मोटारसायकली काढून महाडला जातो. यंदा निघताना पंपावर थांबलो, तेव्हा बरोबरच्या एका पोराने यंत्रावरच्या स्टिकरकडे बोट दाखवले. "दादा, हे ई-२० काय असतं?" आमच्यात चार पदवीधर. एक तर एमआयडीसीत केमिकल कंपनीत कामाला. धड उत्तर एकालाही देता आले नाही. पंपावरचा माणूस म्हणाला, "सरकारचं नवीन पेट्रोल आहे, पर्यावरणाचं." एवढ्यावर विषय संपला आणि आम्ही निघालो.

पण ते टोचत राहिले. कारण ज्या तळ्यावर आम्ही चाललो होतो, त्याची कहाणीच मुळात शब्दांची आहे. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना 'खुले' केले. कागदावर खुले, पाण्याला मात्र हात लावता येत नव्हता. १९२७ साली बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. शेणामुताने शुद्ध! पुढे पालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. 'खुले' आणि 'शुद्ध' या दोन शब्दांनी आपल्याला काय भोगायला लावले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पाटीवरचा 'हरित' हा शब्द न तपासता गिळू नये.

म्हणून परत आल्यावर आम्ही बसलो आणि वाचून काढले. ई-२० म्हणजे शंभर भाग इंधनात वीस भाग इथेनॉल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. ते उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून, तांदळापासून होते. पीक पुन्हा उगवते म्हणून ते 'नवीकरणीय' आणि पिकाने वाढताना हवेतला कार्बन घेतलेला असतो म्हणून ते 'हरित'. सीएनजीवरही हिरवा रंग असतो, पण तो जमिनीखालून निघणारा वायू, तो पुन्हा उगवत नाही. शेणापासून किंवा साखर कारखान्याच्या गाळापासून केलेला सीबीजी तोच मिथेन, पण तो नवीकरणीय. इथपर्यंत आमचे भांडण नाही. रसायनशास्त्राला जात नसते.

भांडण पुढे आहे. ही सगळी नावे इंधन कशापासून झाले ते सांगतात. कुणाच्या हाताने झाले आणि मालक कोण, हे एकही नाव सांगत नाही.

उसाचेच घ्या. सरकारने २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे भाव ठरवला. पैशापर्यंत मोजून! एक टन उसाच्या थेट रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक रुपयांचे. तो टन तोडणाऱ्या नवरा-बायकोला, म्हणजे 'एका कोयत्याला', २०२४ सालच्या ३४ टक्के वाढीनंतर साधारण ३६६ रुपये. तेही दोघांत. लिटरला सव्वापाच रुपये झाले. तुमच्या गाडीतल्या ई-२० मध्ये इथेनॉल पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे कोयत्याच्या वाट्याला एक रुपया. (कारखाना, वाहतूक, शेतकरी यांचाही खर्च असतो, हे आम्हाला कळते. आणि सगळेच इथेनॉल काही उसाचे नसते. पण उसाचे असेल तेव्हा हिशोब हा असा आहे.)

हे कोयते कोण? बीड-मराठवाड्यातले भूमिहीन आणि कोरडवाहू. त्यांत आपले दलित बांधव, वंजारी, भटके, आदिवासी. मुकादमाची उचल घेऊन निघायचे, एक दिवस खाडा झाला तर दंड. मासिक पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून बीडमध्ये बायकांची गर्भाशये काढली गेली; २०१९ मध्ये शासनालाच समिती नेमावी लागली. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो, त्याला नवीकरणीय म्हणतात. उचलही दर दसऱ्याला नव्याने फुटते. तिला काय म्हणायचे?

आता तांदूळ. महाड-पोलादपुरात भात पिकतो आणि रेशनवरही तांदूळच येतो. २०२५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी २२ रुपये ५० पैसे किलोने द्यायचे ठरवले. गोदामे भरली आहेत, असे त्याचे कारण सांगतात. भरली असतील. पण अंगठा लागला नाही म्हणून रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परतणारी म्हातारी आमच्या वाडीत आहे, आणि तिला गोदाम भरल्याचे कुणी कळवलेले नाही.

आणखी एक शब्द 'पडीक'. २००३ च्या सुमारास मोगली एरंडापासून बायोडिझेल करायची टूम निघाली, तेव्हा लागवड 'पडीक' जमिनीवर करू असे सांगत होते. कुणाची पडीक? सरकारी कागदावर जी पडीक, तीच आपल्या माणसांची गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. त्या एरंडाचे फारसे काही झाले नाही, पण 'पडीक' हा शब्द अजून कामावर आहे.

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही पेट्रोलच्या बाजूचे. मुळीच नाही. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी गेली, महाड पाण्याखाली गेले. पाऊस असा वागायला लागला की पहिला मार आपल्या वस्तीवर. त्यामुळे स्वच्छ इंधन आम्हाला हवेच आहे. पण आपल्याकडच्या गाड्या जुन्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरला तिसऱ्या हिश्शाने कमी उष्णता, त्यामुळे जुन्या दुचाकीला तीन-चार टक्के मायलेज कमी मिळते, हे नीती आयोगानेच २०२१ च्या अहवालात लिहिले. त्यासाठी पंपावर भाव मात्र कमी झाला नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पुरात टाकीत पाणी शिरले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. महाडसारख्या गावाला हे कुणी आधी सांगितले होते?

१९४३ साली मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांसमोर विजेचा प्रश्न होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी हे त्यांनी मांडलेच, पण ती सरकारच्या मालकीची की खाजगी, हा प्रश्नही तिथेच मांडला. इथेनॉलच्या डिस्टिलरी कुणाच्या, त्यांच्या संचालक मंडळांत कोण, कोयत्याचे प्रतिनिधी किती, हे विचारायला आपल्या शिबिरांत अजून एक तासही ठेवलेला नाही.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात तो ठेवला आहे. पंपावर प्रश्न विचारणारा तोच पोरगा बोलणार आहे. भाषण येत नाही म्हणतो. फक्त एक फळा आणि खडू द्या, एक रुपयाचे गणित करून दाखवतो, एवढीच त्याची अट आहे.

जय भीम!