गोळा, घंटी, खोडरबर

गडचिरोली जिल्ह्याचं वर्षानुवर्षं एकच रेल्वे स्थानक: वडसा. वैनगंगेच्या अलीकडे वडसा, पलीकडे ब्रह्मपुरी. एकेरी रुळावर दोन्हीकडच्या मास्तरांचं एकमत झाल्याशिवाय गाडी हलत नाही. अशा मार्गांवरच्या, त्या एकमताच्या वस्तू एकेक करून चालल्या आहेत.

गोळा. पोलादी, मुठीत मावणारा, स्थानकांची नावं कोरलेला. पुढच्या मास्तरानं तिकडून संमती दिली तरच नील नावाच्या यंत्रातून तो इकडे हाती पडे. एक बाहेर असला की दुसरा कुठूनच निघत नसे.

वेताचं कडं. गोळा त्याच्या चामडी पिशवीत. फलाटाच्या टोकाला पॉइंट्समन ते उंच धरून उभा, ड्रायव्हर चालत्या इंजिनातून दंडात अडकवून घेई. आता हिरवा दिवा हीच परवानगी.

घंटीचे ठोके. त्यांतून एक मास्तर दुसऱ्याला गाडीची खबर देई.

साऱ्या मार्गावरच्या गाड्या हाकणाऱ्या कंट्रोलरचा तक्ता. आडवी वेळ, उभी स्थानकं, पेन्सिलीची तिरपी रेघ म्हणजे गाडी. जिथे दोन रेघा कापतात तिथे क्रॉसिंग. बेत बदलला की खोडरबर फिरे. पाळी बदलताना नवा माणूस त्या झिजलेल्या जागेवर बोट ठेवून विचारी, ‘इथं काय झालं?’ जाणारा सांगे. आता रेघ संगणक ओढतो, आणि ती कधीच झिजत नाही.

कंट्रोलचा फोन. एका तारेवर सगळी स्थानकं. एक मास्तर कंट्रोलरशी बोलत असला की बाकीचे रिसीव्हर कानाला लावून ऐकत. नागभीडला मालगाडी अडली, म्हणजे आपल्याकडचं क्रॉसिंग बदलणार, हे कुणी न सांगता कळे. दुसऱ्याच्या आवाजातली घाईसुद्धा कळे. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते. फोन अजून आहे. पण गाडीची वेळ आता पडद्यावर दिसते, म्हणून तेवढं बोलणं उरलं नाही.

गोळा परत आणा असं माझं म्हणणं नाही. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग चुकीचा मार्ग सहसा लागू देत नाही, त्यानं जीव वाचतात. पण अणुवीज केंद्रांच्या नियंत्रणकक्षांतही अभ्यासकांना हेच आढळलं: कागदावरची कृती प्रमुख मोठ्यानं वाची तेव्हा सगळे ऐकत, ती संगणकावर आली तसं त्याला इतरांना विचारायचं कारण कमी झालं, आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे इतरांना कळेनासं झालं. कुणी सांगितल्याशिवाय.

वडसा–गडचिरोली हा 52 किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे. तिथल्या मास्तरांच्या हाती कडं कधी येणारच नाही.

प्रायव्हेट नंबर. हा अजून टिकून आहे. फाटक लावून गेटमन फोनवर दोन आकडे सांगतो. मास्तर ते मोठ्यानं परत म्हणतो, रजिस्टरात लिहितो, मग सिग्नल देतो. फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झाला की तेही दोन आकडे जातील.