शिक्षकाने ब्लॉग कशावर काढावा?



जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यानंतर कितीतरी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले. गंगापूरचे सहकारी मला अजून विचारतात, "सर, ब्लॉगर घ्यावं की वर्डप्रेस?"

ब्लॉगर 1999 चं, 2003 पासून गुगलचं. जीमेल असलं की फुकट सुरू होतं. वर्डप्रेस 2003 चं. सॉफ्टवेअर मोफत, पण स्वतंत्र साइट चालवायची तर डोमेन-होस्टिंगचे पैसे भरत राहावे लागतात. भरायचे राहिले की साइट बंद. म्हणून मी म्हणतो, सुरुवात ब्लॉगरवर करा.

पण दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. पहिली, युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर वाचताच येत नाही, अन् मराठीत शोधला तर गुगलवर सापडतही नाही. दुसरी, बॅकअप. याहूने 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबसाइटची सेवा अमेरिकेत बंद केली. फुकटची जागा कायमची नसते. प्रत्येक सत्र संपलं की सगळं लिखाण उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या वर्डप्रेसवर जायचं ठरलं, तरी ते सोबत नेता येतं.

टेम्प्लेटच्या रंगरंगोटीत रविवार घालवू नका. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर हाती येतो. त्या अर्ध्या तासात, कमी रेंजमध्ये, धडा पटकन उघडला पाहिजे. टूल निवडताना मी आधी तेवढंच तपासतो.