वेल मांडवावर जाईपर्यंत

आश्विनात वऱ्हाडातल्या देऊळगाव राजात बालाजीच्या लाठा मंडपोत्सवाची धामधूम असते. त्याच सुमारास जालन्याकडच्या द्राक्षबागांत फळछाटणीच्या कात्र्या वाजू लागतात. जुन्या बागेचा हिशेब तिथे सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरले की मिटतो. नव्या बागेला मात्र त्या आश्विनात काहीच देणंघेणं नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिजचा खुंट लावायचा, पावसाळा सरताना त्यावर थॉमसनचं कलम करायचं, पुढच्या जानेवारीत रिकट घ्यायचा, म्हणजे कलम पुन्हा छाटायचं, मग खोड, ओलांडे, काड्या. पहिला घड दिसेपर्यंत दुसरं वर्ष सरत येतं. तोवर लोखंडी अँगल, तारा आणि ठिबकचे पैसे जाऊन बसलेले असतात, आणि दोन ओळींच्या मधली नऊ-दहा फूट जमीन उन्हात रिकामी असते.

वऱ्हाडातल्या माणसाला ती बघवत नाही. कपाशीत मुगाची ओळ, ज्वारीत तुरीचं तास, हे त्याच्या हाताचं जुनंच वळण.

मेथी आणि कोथिंबीर इथे सर्वांत सोयीची. महिना-दीड महिन्यात त्या बाजारात पोचतात, आणि त्यांची मुळं उथळ असल्यामुळे कोवळ्या वेलाशी फारशी झोंबाझोंबी होत नाही. मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पकडतात. ताग तर विकायचाही नसतो. फुलावर येताना, दीडेक महिन्याचा झाला की तो जमिनीत गाडायचा.

खरी पंचाईत पुढे आहे. देऊळगाव राजा तालुक्याचा आजचा लौकिक शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनाचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको सुरू केली, आणि शेजारचं हे शहर बियाण्यांची पेठ झालं. त्या पेठेसाठी इकडच्या शेडनेटमध्ये बाया टोमॅटो, मिरचीच्या कळ्या उकलून पुंकेसर खुडतात आणि दुसऱ्या वाणाचे परागकण बोटांनी लावतात. इथे त्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. ज्या पिकांच्या फुलाफुलाशी अशी ओळख आहे, तीच वेलाच्या ओळींत लावावीत असं कुणालाही वाटेल. द्राक्षाला मात्र नेमकी तीच नडतात.

टोमॅटो, वांगी आणि भेंडीच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी द्राक्षाच्या मुळांवरही जगते. मिरचीची पानं आकसून टाकणारे फुलकिडे द्राक्षाची कोवळी पालवी आणि मणी खरवडतात, आणि मण्यावर पडलेला तो तपकिरी चट्टा घड तोडेपर्यंत जात नाही. काकडीची भुरी द्राक्षावर जाते, हा आरोप मात्र खोटा आहे: तिच्यावरची भुरी आणि द्राक्षावरची भुरी या वेगवेगळ्या बुरश्या आहेत. तिचा खरा दोष असा, की तिला सारखं पाणी लागतं, आणि मोकळी सोडली तर ती पोरसवदा वेलालाच मांडव समजून वर चढते.

झेंडूचं कौतुक बरंच होतं. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमीला मारक असतात हे खरं, आणि दसरा-दिवाळीला फुलांचे पैसेही होतात. पण लाल कोळी आणि फुलकिडे त्यालाही आवडतात. कोरड्या, उष्ण महिन्यांत त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

वेलाला सोबत देण्याची रीत या मुलखाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीच्या मळ्यांतून नागवेल आणि पानपिंपळी पिढ्यान्‌पिढ्या पांगारा, शेवरीच्या आधारानं वाढत आली. तिथली सोबत मात्र कायमची: सावली आणि आधार दोन्ही देणारी. द्राक्षाला सावली नको असते. त्याचा सोबती बुटका हवा आणि वेळेवर उठून जाणारा हवा.

ती वेळ ठरवतं फवारणीचं यंत्र. पावसाळ्यात कोवळ्या पालवीवर डाऊनी, म्हणजे केवडा, येऊ नये म्हणून बोर्डो आणि इतर बुरशीनाशकं मारावी लागतात, आणि त्यांचा तुषार खालच्या मेथीवर उतरतो. शेंड्यावर औषध मारायचं आणि दोन दिवसांनी त्याच ओळीतली जुडी बाजारात न्यायची, हे धंद्यालाही शोभत नाही. म्हणून जाणता बागायतदार भाजीचे वाफे फवारण्या थोड्या असतात त्या कोरड्या महिन्यांपुरते ठेवतो. पावसाळा लागला की त्या पट्ट्यात ताग पेरतो, आणि ट्रॅक्टर-ब्लोअरची फेरी वाढायच्या आत तो गाडून टाकतो.