शिट्टी वाजली की हात वर

तुमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं? आमच्याकडे ते काम आईचं होतं. बाबांवर सोपवलं की वरणाचा कोळसा झालाच म्हणून समजा! बाबा स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलेले असायचे, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायचा आणि आई गच्चीवरून धावत खाली यायची. "अहो, ऐकू येत नाही का?" बाबा मान वर करून शांतपणे विचारायचे, "किती झाल्या?" आम्ही भावंडं खो खो हसायचो. बाबांचं कशातच लक्ष नसतं, याबद्दल आमची खात्रीच होती.

आता कुकरचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगतो. पण त्याआधी आमच्या भिवंडीला या.

आज भिवंडी म्हटलं की तुम्हाला गोदामं आठवतील. तुमच्या घरी आलेला एखादा खोका तिथूनच निघालेला असेल. पण आमच्या लहानपणी भिवंडी म्हणजे माग, यंत्रमाग. गल्लीगल्लीत मागांचे कारखाने. मागावर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो आणि प्रत्येक फेरीला 'खट्' असा आवाज होतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा! एका खोलीत असे वीस-पंचवीस माग असले तर काय होत असेल, कल्पना करा. आम्ही त्या आवाजातच अभ्यास करायचो आणि त्यातच झोपायचो. शुक्रवारी माग बंद असायचे. त्या दिवशी गावाचे कान एकदम मोकळे व्हायचे. कावळे ओरडतात हे आम्हाला शुक्रवारीच कळायचं.

ही गोष्ट १९९४ सालची. मी सातवीत होतो. माझा आतेभाऊ कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कप्तान होता, त्यामुळे आम्हा गल्लीतल्या पोरांना मैदानाच्या कुंपणाच्या भिंतीवर बसायचा जणू परवानाच मिळालेला होता. आम्ही दहा-बारा जण होतो. टीमचे चाहते म्हणा, वानरसेना म्हणा! कॉलेजचे खेळाचे सर मधल्या सुट्टीत आम्हालाही गोष्टी सांगायचे. मुंबईच्या नागपाड्याच्या गल्ल्यांतून बास्केटबॉलचे किती खेळाडू निघाले, तिथलेच अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान कसे झाले आणि त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार कसा मिळाला, वगैरे. हा खेळ १८९१ साली अमेरिकेतल्या जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. तेव्हा दहा फुटांवर पीच या फळाच्या टोपल्या टांगल्या होत्या. टोपल्यांना बूड होतं, म्हणून चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा! आम्हाला ही शिडीची गोष्ट फार आवडायची.

टोपल्या गेल्या, पण ते दहा फूट अजून तसेच आहेत. आणि आमच्या टीमचं दुखणं तेच होतं. सगळ्यांत उंच खेळाडू होता पाच फूट आठ इंच.

अशात जूनमध्ये आतेभावाने बातमी आणली. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत सरांना एक मुलगा दिसला होता. पद्मानगरचा, सहा फूट तीन इंच! त्याने बास्केटबॉल कधी हातात धरला नव्हता, पण सर म्हणाले, "शिकवू."

अमेरिकेत शाळेतला एखादा चांगला खेळाडू कुठल्या कॉलेजकडून खेळणार, हे पेपरात छापून येतं म्हणे. त्या कॉलेजचे चाहते आनंदाने नाचतात. आम्हाला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं, पण आम्ही केलं मात्र तेच. एकाच्या काकांच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणला. त्यावर लाल रंगाने 'सुस्वागतम्' लिहिलं. कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते रंग लवकर पीत नाही. आमच्या 'सु'पासून 'म्'पर्यंत सगळ्या अक्षरांना लाल मिशा फुटल्या. झेंडूचा हार आणला आणि मंडळाचा गणपतीतला ताशाही आणला.

तो आला. खरंच उंच! आमच्यातल्या सगळ्यांत लहान पोराने हार धरला होता, तर तो सरळ गुडघ्यावर बसला. ताशा कडकडला. आम्ही लगेच त्याचं नाव 'लंबू' ठेवून टाकलं आणि 'लंबू आला रे आला' सुरू केलं. तो नुसता हसत होता. आम्ही शंभर प्रश्न विचारले, त्यातल्या दहांची उत्तरं त्याने दिली. समोरचा बोलायला लागला की हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. घरी तेलुगू बोलतात, म्हणून मराठी सावकाश समजत असेल, असं आम्हाला वाटलं. माझा एक मित्र म्हणाला, "शिष्ट आहे."

लंबूदादा सकाळी कॉलेजला यायचा, मग सरावाला, आणि तिथून थेट वडिलांच्या जोडीला मागावर. लहानपणापासून तो तिथेच वाढलेला. तरी चार-पाच महिन्यांत त्याने चेंडू टप्पे देत न्यायला आणि टोपलीत सोडायला बऱ्यापैकी शिकून घेतलं.

डिसेंबरात पहिला मोठा सामना झाला, शेजारच्या गावच्या कॉलेजशी. आम्ही ताशासकट भिंतीवर हजर! लंबूदादाच्या हातात चेंडू आला की ताशा, त्याने टाकला की ताशा, चुकला तरी ताशा. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही फक्त एका गुणाने मागे होतो.

इथे एक नियम सांगायला हवा. समोरच्या टोपलीखाली जमिनीवर एक चौकट आखलेली असते. तुमच्या टीमकडे चेंडू असताना तुम्ही त्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त उभं राहायचं नाही. उंच खेळाडूने टोपलीखाली तळ ठोकू नये, म्हणून हा नियम. लंबूदादा नेमका तिथेच उभा राहिला. एक, दोन, तीन, चार... पंचांनी शिट्टी फुंकली. सगळे जागच्या जागी थांबले. पण चेंडू आधीच आतेभावाच्या हातून सुटला होता. लंबूदादाने तो झेलला, वळला आणि अलगद टोपलीत सोडला.

आणि मग तो दोन्ही हात वर करून, उड्या मारत, आमच्याकडे धावत आला. त्याला वाटलं, आपण सामना जिंकून दिला! मैदानावर एकच माणूस नाचत होता, बाकी सगळे पुतळे. समोरची टीम पोट धरून हसायला लागली. गुण अर्थातच रद्द झाला, चेंडू त्यांना मिळाला आणि वेळ संपली. एका गुणाने हरलो.

आता मला जे सांगायचं नाही, ते सांगतो. तो आमच्यासमोर चार हातांवर उभा होता आणि मी भिंतीवरून ओरडलो, "बहिरा आहेस काय रे?"

पोरं हसली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो वळून निघून गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी गेलं नाही. आमचं 'सुस्वागतम्' भिंतीवरच राहिलं.

पुढे कित्येक वर्षांनी मी १९८२ सालच्या एका सामन्याबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या कॉलेजांची अंतिम लढत होती, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध जॉर्जटाऊन. नॉर्थ कॅरोलायनाकडून एक पहिल्या वर्षाचा पोरगा खेळत होता, मायकेल जॉर्डन. शेवटची काही सेकंदं उरली असताना त्याने चेंडू टाकला आणि त्याची टीम ६३-६२ अशी पुढे गेली. जगाला तेवढंच आठवतं. पण त्यानंतर जॉर्जटाऊनच्या फ्रेड ब्राऊनने गडबडीत चेंडू चक्क विरुद्ध टीमच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. संपलं! एका गुणाने हार. तेव्हा त्याचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन, चांगले धिप्पाड गृहस्थ, पुढे झाले आणि त्यांनी सगळ्यांदेखत ब्राऊनला मिठी मारली. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं मैदान आलं.

असो. त्या रात्री जेवताना मी तावातावाने सगळी हकिकत सांगितली. "एवढी मोठी शिट्टी, बाबा! बहिऱ्यालाही ऐकू आली असती."

बाबांनी घास खाली ठेवला. "कुठला मुलगा? मागावर काम करतो?"

"हो."

"मग त्याला ताशा ऐकू आला असेल. शिट्टी नसेल आली."

बाबा मागाच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्यांचं काम. वीस वर्षं ते त्या खडखडाटात उभे होते. म्हणाले, "जोराचा प्रश्न नाही रे. बारीक, टोकदार आवाज आधी जातात. ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. शिट्टी येत नाही. कुकरचीसुद्धा."

आई वाढता वाढता थांबली. मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसत होतात. बरं वाटायचं."

नंतर कळलं, बाबांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मागांच्या खोलीत आवाज बहुधा नव्वदीच्या पुढेच असतो. आणि सगळ्यांत आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. पंचांची शिट्टी नेमकी त्या पट्टीतली!

त्या रात्री मला झोप आली नाही. त्यात आतेभावाने भर घातली. म्हणाला, "तुमच्या ताशामुळे आम्हालाही शिट्टी धड ऐकू येत नाही." म्हणजे गोंधळ घालणारेही आम्हीच आणि हसणारेही आम्हीच.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं, "कारखान्यात तुम्हाला हाक ऐकू येत नाही, मग कामगार बोलावतात कसे?"

"हाक कोण मारतो? माग बंद पडला की कामगार हात वर करतो. मला दिसतो."

झालं! शुक्रवारी भिंतीवर आमची सभा भरली. ताशा मंडळात परत गेला आणि ठराव झाला, की शिट्टी वाजली की सगळ्यांनी हात वर करायचे. लंबूदादाला शिट्टी ऐकू नाही आली तरी भिंत दिसेल. आतेभावाने ते त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. आमच्याकडे बघितलंही नाही.

पहिले दिवस फजितीचेच होते. आमचे हात कधी उशिरा वर व्हायचे, तर कधी भलत्याच वेळी. बाहेर नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारली की भिंतीवर बावीस हात वर आणि लंबूदादा चेंडू घेऊन उभा! सर कपाळाला हात लावायचे. पण हळूहळू जमलं.

जानेवारीत एका शुक्रवारी पुन्हा सामना होता. उत्तरार्धात लंबूदादा परत त्याच चौकटीत उभा राहिला. शिट्टी वाजली, हात वर गेले, त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून भिंत पाहिली आणि हातातला चेंडू शांतपणे पंचांकडे दिला. आम्ही अशा टाळ्या वाजवल्या, अशा वाजवल्या, की समोरच्या टीमला कळेना. यांचा खेळाडू चुकला आणि हे नाचतायत कशाला? तो सामनाही आम्ही हरलोच, चार गुणांनी.

सामना संपल्यावर लंबूदादा भिंतीपाशी आला. थेट माझ्यासमोर. मी आधीच म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी जे बोललो, ते तुला ऐकू आलं होतं?"

"नाही," तो म्हणाला. "दिसलं होतं."

मागावर सगळे ओठ वाचूनच बोलतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगारही पूर्वी असेच, ओठ मोठे मोठे हलवून बोलायचे. तो आमच्या तोंडाकडे टक लावून का बघायचा, ते मला आत्ता कळलं. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. नुसते ओठ हलले असतील.

"कळलं," तो म्हणाला. मग विचारलं, "हे हात वर करायचं कुणी काढलं?"

"आमच्या बाबांनी. ते जॉबर आहेत."

"मग त्यांना आण ना एकदा."

पुढच्या शुक्रवारी बाबा आले. भिंतीवर चढायला त्यांना दोघांनी हात दिला. सराव सुरू झाला. शिट्टी वाजली, आमचे हात वर गेले, आणि बाबांनी आमच्याकडे बघून मग आपला हात वर केला. असं दोन-तीनदा झालं. शेवटी आमच्यातला सगळ्यांत लहान पोरगा त्यांच्यासमोर जाऊन, ओठ मोठे करून म्हणाला, "काका, तुम्हाला उशीर होतोय!"

"मला नाही," बाबा म्हणाले, "तुमचे हात उशिरा वर जातायत. बघ, लंबू केव्हाचा थांबलाय."