चाळीस किलोंचा छंद
संसारी माणसाला छंद असावा, पण तो चाळीस किलोंचा नसावा, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. गॅलरीतला माझा छोटा लेथ जवळजवळ तेवढाच भरतो!

पावसाळ्यात त्याच्या बेडवर गंज चढू नये म्हणून मी शिलाईच्या मशीनचे तेल पळवतो. साध्या बेअरिंगांच्या जागी टेपर रोलर बसवली, तशी कापताना उठणारी थरथर कमी झाली. मग हाव सुटली. पोलादावर जाड कट घेतला आणि आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरने दात टाकले. “आता लोखंडीच बसवतो,” मी म्हणालो. शेजारचे अण्णा, निवृत्त फिटर, हसले. “प्रोफेसर, तो मेला म्हणून मोटार वाचली!”

प्लॅस्टिकचेच दोन आणले. एक लेथमध्ये आहे, दुसरा शिवणाच्या डब्यात, बटणांत. तेलाची बाटली मात्र हल्ली कुलपात असते.